वैजयंतीबाईंचा नंबर, हौसेरावांच्या नावावर

सानपाड्याच्या आम्रकुंज सोसायटीतले सुभाष पेडणेकर हे बेलापूरच्या एका सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले गृहस्थ. कुठलंही काम हाती घेतलं की ते 'मार्गी लावतो' म्हणत. त्यांनी मार्गी लावलेली कामं पुढे कुठल्या मार्गाला लागतात, हे त्यांच्या पत्नीला, वैजयंतीबाईंना, पुरेपूर ठाऊक होतं. तरीही लेकीने अमेरिकेतून फोन पाठवला त्या दिवशी 'माझं मी बघते' एवढं वाक्य त्यांनी वेळेवर उच्चारलं नाही, आणि पुढचं सगळं रामायण घडलं.

लेक ईश्वरी न्यू जर्सीला. तिला आठवा महिना लागला होता. खरं तर बाळंतपणाला दोघांनी जायचं ठरलं होतं. व्हिसाच्या खिडकीवर वैजयंतीबाईंना विचारलं, "कशासाठी जाताय?" त्या म्हणाल्या, "मुलीच्या बाळंतपणाला." काम झालं. मग सुभाषरावांना विचारलं, "तुम्ही परत याल कशावरून?" हा काय एका सरकारी माणसाला विचारायचा प्रश्न झाला? पण विचारला आहे तर उत्तर सविस्तर द्यावं म्हणून त्यांनी पेन्शन, सोसायटीतलं खजिनदारपद, दर नोव्हेंबरात द्यावा लागणारा हयातीचा दाखला आणि भारत-अमेरिका संबंध असे मुद्दे काढले. दुसऱ्या मुद्द्यावर असतानाच खिडकीतून पासपोर्ट परत आला. सोसायटीत त्यांनी सांगितलं, "मीच नको म्हटलं. दोघंही गेलो तर तुळशीला पाणी कोण घालणार?"

थोडक्यात, वैजयंतीबाई एकट्या जाणार होत्या. आयुष्यात एकटीने केलेला त्यांचा सर्वांत लांबचा प्रवास म्हणजे सानपाडा ते कणकवली, तोही शेजारच्या बाकावर मावसबहीण असताना. त्यांच्या जुन्या फोनची पाठ फुगून वर आली होती आणि ती रबरबँडने दाबून धरलेली होती. म्हणून ईश्वरीने एका मैत्रिणीबरोबर नवाकोरा फोन पाठवला. "आईचं सिम घाला फक्त," एवढीच सूचना होती.

सुभाषराव सिम घालायला बसले. घालायचं कुठे, हे मात्र दिसेना. चष्मा लावून पाहिलं, चष्मा काढून पाहिलं. फोनच्या चारी बाजू साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत. शेवटी खालच्या अंगाला एक बारीकसं भोक सापडलं. "हे बघ, इथं टोचलं की कप्पा बाहेर येतो," म्हणून त्यांनी वैजयंतीबाईंच्या कानातल्याची दांडी त्यात घातली आणि दाबली. कप्पा आला नाही. मग सुई घातली.

तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचा केयूर आला. केयूर संगणकाच्या कंपनीत कामाला, त्यामुळे सोसायटीतले सगळे फोन त्याच्या हाताखालून जात.

"काका, थांबा! तो माईक आहे!"

सुभाषरावांनी सुई काढून घेतली. त्या दिवसापासून त्या फोनवर बोलणारा माणूस विहिरीतून बोलतो आहे असं ऐकणाऱ्याला वाटे.

"अमेरिकेतल्या ह्या मॉडेलला सिमचा स्लॉटच नसतो काका. ह्याला ई-सिम लागतं. म्हणजे सिम दिसत नाही, पण असतं."

सुभाषरावांनी समजल्यासारखी मान डोलावली. दिसत नसून असलेल्या आणि दिसत असून नसलेल्या बऱ्याच गोष्टी त्यांनी नोकरीत पाहिल्या होत्या.

बातमी जिन्याने खाली उतरली. समोरच्या सुचिता म्हात्रे पदराला हात पुसत आल्या. "काका, माज्या दिराचा पन असाच हाय, दुबईवरून आनलेला. तो नुसता गानी ऐकाला वापरतो. तुमीपन तसाच ठेवा ना, टेन्शन कशाला?" दुसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी खारघरच्या कुणाची तरी गोष्ट सांगितली. तो परदेशात उतरला, फोनचं रोमिंग चालू राहिलं, आणि बिल एवढं आलं की राहता फ्लॅट विकावा लागला. कितव्या मजल्यावरचा फ्लॅट हे त्यांना सांगता आलं नाही, पण सुभाषरावांच्या मनात गोष्ट घट्ट बसली.

"हे मार्गी लावतो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नवराबायको वाशीला फोन कंपनीच्या गॅलरीत गेले. काउंटरवर सुनयना नावाची मुलगी होती. तिने नंबर टाकला, पडद्याकडे पाहिलं, मग वैजयंतीबाईंकडे पाहिलं.

"मॅडम, हा नंबर तुमच्या नावावर नाहीये."

"माझ्या असेल," सुभाषराव पुढे सरसावले. "सुभाष पेडणेकर."

"नाही सर."

"मग कोणाच्या नावावर आहे?"

"ते मी नाही सांगू शकत. कस्टमरची माहिती आहे. तुम्ही नाव सांगा, मी हो-नाही सांगते."

सुभाषरावांनी वडिलांचं नाव सांगितलं. नाही. सासऱ्यांचं सांगितलं. नाही. आपल्या कचेरीचं नाव सांगितलं. मागच्या रांगेतल्या एका इसमाने उगाच 'रमेश' सांगून पाहिलं. तेही नाही. सुभाषरावांचा आवाज चढू लागला. गेली वीस-बावीस वर्षं ह्या नंबरावरून बायको बोलते आहे, मधे आधार जोडायची टूम निघाली तेव्हा कोपऱ्यावरच्या दुकानात अंगठाही देऊन आली आहे, आणि आता नंबर तिचा नाही म्हणजे काय?

तेव्हा वैजयंतीबाई हळूच म्हणाल्या, "हौसेराव असेल का?"

"हो!" सुनयना म्हणाली. आपण काही सांगून बसलो का, असं वाटून तिने जीभ चावली.

सुभाषरावांनी बायकोकडे पाहिलं. चौतीस वर्षांच्या संसारात हे नाव घरात कधी निघालं नव्हतं.

"कोण हौसेराव?"

"मला काय माहीत? दर वर्षी एक मेसेज येतो, 'प्रिय हौसेराव, वाढदिवसाच्या शुभेच्छा.' मला वाटायचं सगळ्यांनाच पाठवतात."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"तुमच्या वाढदिवसाचे कधी येत नाहीत. म्हटलं, कशाला वाईट वाटून घ्याल."

रिक्षातून परत येताना सुभाषराव बोटांवर ओळखीची नावं मोजत होते. पाम बीच रोड संपत आला तेव्हा त्यांना आठवलं. ते सिम त्यांनीच आणलं होतं. तुर्भ्याच्या मार्केटबाहेर छत्रीखाली घडीचं टेबल टाकून एक माणूस सिम विकत बसला होता, वर एक टोपी फुकट. खूप वारा होता. त्यांच्यापुढे हातात पिशवी घेतलेला एक माणूस उभा होता. त्यानेही सिम घेतलं. वाऱ्याने टेबलावरचे कागद उडाले, विक्रेत्याने धावत जाऊन ते गोळा केले आणि 'झालं साहेब' म्हणाला. काय झालं होतं ते बावीस वर्षांनी कळत होतं.

"म्हणजे कागदांची अदलाबदल झाली," केयूर संध्याकाळी म्हणाला. "त्याचा नंबर तुमच्या नावावर, तुमचा त्याच्या. आणि काका, दोन सिमं एकाच गठ्ठ्यातली ना? मग नंबर पण लागून असणार. एक कमी नाहीतर एक जास्त. लावून बघा."

एक कमी करून लावला तर एका बाईंनी गुजरातीत काहीतरी सुनावून ठेवून दिला. एक जास्त करून लावला.

"हां, कोण?" पलीकडून दणदणीत आवाज आला.

"हौसेराव आहेत का?"

"म्याच. आपण?"

"मी सुभाष पेडणेकर."

मग तो आवाज हलक्या सुरात म्हणाला, "सुभाष... म्हंजी चौदा सप्टेंबर?"

"काय?"

"वाढदिस वो! चौदा सप्टेंबर न्हवं का तुमचा? इतकी वर्सं कंपनी मला तुमच्या नावानं शुभेच्छा देतीया! दर सालाला म्हनतोय, कोण हाय ह्यो सुभाष, कुटं असंल! अगं रंगू, हिकडं ये! सुभाष घावला!"

हौसेराव शेलार मूळचे साताऱ्याकडचे. कांदा-बटाटा मार्केटात माथाडी म्हणून आले, टोळीचे मुकादम झाले आणि आता निवृत्त होऊन कोपरखैरण्याला राहत होते. सुभाषराव आणि वैजयंतीबाई त्यांच्या घरी गेले तेव्हा रंगूबाईंनी बोलण्याआधी ताटंच वाढली. झुणका, भाकरी, वर खर्डा. सुभाषरावांना खर्डा सोसत नाही, पण काम असलेला माणूस काय करणार?

जेवणानंतर त्यांनी विषय काढला. उद्या गॅलरीत यायचं, दोघांनी आपापला नंबर एकमेकांच्या नावावर करून द्यायचा, झालं.

हौसेरावांनी तोंडात बडीशेप टाकली. "त्ये झालं. पर आधी कुणी द्यायचा?"

"म्हणजे?"

"म्हंजी बगा, म्या तुमचा दिला, आन् तुमी म्हनला, मला येळ न्हाई, मंग? माजा नंबर समद्या टरकवाल्यांकडं हाय, गावाकडं हाय. नंबर ग्येला की मानूस ग्येला."

"अहो, मी क्लास टू अधिकारी होतो! मी शब्द देतो."

"शब्द हायच की साहेब," हौसेराव अदबीने म्हणाले. "शब्दासंगं मानूसबी असू द्या, येवढंच."

सुभाषरावांना हे लागलं. पण खरं सांगायचं तर हौसेरावांनी आधी करून द्यावा असंच त्यांच्याही मनात होतं.

दुसऱ्या दिवशी गॅलरीत दोघं एकाच वेळी दोन काउंटरवर बसले. सुनयनाने हौसेरावांचा फोटो काढायला कॅमेरा धरला. नियम असा होता की कॅमेऱ्यापुढे माणसाने पापण्या मिटून उघडायच्या, म्हणजे तो जिवंत आहे हे कंपनीला कळतं. हौसेराव फोटो म्हटलं की श्वास रोखून समोर बघणारे. "काका, डोळे मिटा." त्यांनी मिटले ते उघडेचनात. "आता उघडा." उघडले ते मिटेचनात. रंगूबाई म्हणाल्या, "आवो, कांदा चिरताना कसं हुतंय तसं करा की." पाचव्या खेपेला जमलं.

मग ओटीपी. हौसेरावांच्या मंजुरीचा ओटीपी वैजयंतीबाईंच्या फोनवर, सुभाषरावांच्या मंजुरीचा हौसेरावांच्या फोनवर. वैजयंतीबाई आणि हौसेराव यांनी आपापला फोन छातीशी धरून 'एक, दोन, तीन' म्हणत आकडे एकदम वाचले. सुनयनाला दोन्ही कळले नाहीत. पुन्हा वाचावे लागले. वैजयंतीबाईंचा नंबर त्यांच्या नावावर झाला, आणि त्याच क्षणी सिस्टीम बसली.

"आता उद्या," सुनयना म्हणाली.

हौसेरावांनी सुभाषरावांच्या खांद्यावर हात ठेवला. हात प्रेमळ होता, पण पोत्यांचा सराव असलेला होता. "चला साहेब, आमच्याकडं."

अशा रीतीने एक निवृत्त अधिकारी एका रात्रीपुरता कोपरखैरण्यात तारण राहिला. हौसेरावांचा लेंगा घालून, हौसेरावांच्या खाटेवर, हौसेरावांच्या नातवंडांना सातचा पाढा शिकवून. घरी जाताना वैजयंतीबाई हसत होत्या, हे त्यांनी पाहिलं होतं आणि मनात ठेवलं होतं. सकाळी दहाला सिस्टीम उठली, नंबर बदलला, आणि हौसेरावांनी त्यांना सन्मानाने मोकळं केलं. जाताना रंगूबाईंनी वैनींसाठी शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. "इमानात लागंल."

विमान चार दिवसांवर आलं होतं. ई-सिमसाठी एक चौकोनी ठिपक्याठिपक्यांचं चित्र आलं. ते नव्या फोनच्या कॅमेऱ्यापुढे धरायचं होतं, पण आलं ते नव्या फोनमध्येच. सुभाषराव फोन घेऊन आरशासमोर उभे राहिले. तिथे त्यांना फक्त स्वतःचा चेहरा दिसला, आणि तो फारसा प्रसन्न नव्हता. शेवटी केयूरने ते चित्र आपल्या फोनवर मागवून घेतलं, आणि वैजयंतीबाईंचा नंबर दिसत नसलेल्या सिमात जाऊन बसला. घंटी वाजली. सुचिताताईंनी टाळ्या वाजवल्या. रोमिंगचा पॅकही सुरू झाला.

इथे थांबले असते तर बरं झालं असतं. पण सुभाषरावांनी फोन 'सुरक्षित' करायला घेतला. चेहरा दाखवा, असं फोन म्हणाला. वैजयंतीबाई लाडू वळत होत्या, हात तुपाचे, म्हणून त्यांनी आपला दाखवला. कोड ठेवा, असं फोन म्हणाला. "आपल्या लग्नाची तारीख ठेवली आहे गं," त्यांनी स्वयंपाकघराकडे ओरडून सांगितलं. "बरं," आतून उत्तर आलं. पुढचे दोन दिवस फोन उघडायचा झाला की त्या तो नवऱ्यापुढे धरत आणि त्यांचं तोंड पाहून फोन उघडे. दोघांनाही त्यात वावगं काही वाटलं नाही.

विमानतळाच्या दाराशी निरोप घेताना सुभाषरावांना खारघरचा फ्लॅट आठवला. त्यांनी फोन घेतला, आपला चेहरा दाखवला, आणि रोमिंग, डेटा, नंबराची लाईन, जे जे बंद करता येईल ते सगळं बंद केलं. "तिकडे उतरलीस की चालू कर. कसं ते मी मेसेजमध्ये पाठवतो. आणि विमानतळावरचं फुकटचं वाय-फाय वापरायचं नाही, तिथे चोर असतात."

"पोळ्या डब्यात आहेत," वैजयंतीबाई म्हणाल्या. "भाजी आजच संपवा." आणि ट्रॉली ढकलत आत गेल्या. काचेतून त्यांचा पांढरा स्वेटर थोडा वेळ दिसला, मग दिसेनासा झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी, म्हणजे तिकडे पहाट, विमान उतरलं. सुभाषरावांनी सविस्तर मेसेज पाठवला. आधी इथे दाबायचं, मग तिथे दाबायचं, मग लाईन चालू होईल. मेसेजपुढे एकच करडी खूण उमटली. ते दुसऱ्या खुणेची वाट पाहत बसले. बंद फोनवर तो चालू करण्याची सूचना पोचणार कशी, ही शंका त्यांच्या मनात पहिला चहा संपेपर्यंत आली नाही. आली तेव्हा त्यांनी कप खाली ठेवला.

तेवढ्यात जावई सुयशचा फोन आला. त्याचा श्वास फुलला होता.

"बाबा, ईश्वरीला कळा सुरू झाल्या. तारखेच्या आधीच. मी हॉस्पिटलमध्ये आहे. आईंना आणायला मित्राला पाठवलंय, पण त्याला त्या कुठेच दिसत नाहीत. फोन बंद लागतोय. तुमच्याशी काही बोलणं झालं का?"

"तिला सांग, सेटिंगमध्ये जाऊन..."

"बाबा, फोन बंद आहे!"

"हो," सुभाषराव म्हणाले. "तो मीच केला आहे."

अर्ध्या तासात हॉल भरला. केयूर विमान कंपनीला फोन लावत होता आणि तिकडून वाजणारी सनई ऐकत होता. सुचिताताईंनी न विचारता दुसरा चहा टाकला. दुसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी कुणाची तरी काकू परक्या विमानतळावर चार दिवस बाकावर बसून होती, ही हकीकत सुरू केली. सुचिताताईंनी त्यांना चहाबरोबर इतकी बिस्किटं दिली की पुढचं ऐकू आलं नाही. सुभाषराव खुर्चीच्या कडेवर बसले होते. तिकडे लेक कळा देते आहे, आणि बायको कुठल्या तरी दिव्यांच्या झगमगाटात ट्रॉली धरून उभी आहे. तिला इंग्रजी कळतं, पण बोलायला संकोचते. भूक लागली तरी कुणाला सांगायची नाही. आणि तिच्या हातातला फोन आपण आपल्या हाताने मुका करून दिला आहे. बावीस वर्षांपूर्वीचे कागद वाऱ्याने उडवले होते. इथे बोट दाखवायला वाराही नव्हता.

त्यांचा फोन वाजला. हौसेराव होते.

"साहेब, वैनी पोचल्या!"

सुभाषराव उभेच राहिले. "तुम्हाला कसं कळलं?"

"मला फोन आलता की त्यांचा! कुणा बाईचा फोन मागून घेतलाय. तुमचा नंबर त्यांस्नी पाठ न्हाई, लेकीचाबी न्हाई. म्हनल्या, सोताचा तेवढा पाठ हाय. मंग सोताच्या नंबरात एक मिळवला आन् मला लावला."

"कुठे आहे ती?"

"अमेरिकेत."

"अमेरिकेत कुठे, हौसेराव?"

"त्ये म्या इचारलं न्हाई," हौसेराव जरा ओशाळले. "म्या म्हनलं, हाय तितंच बसा, जागा सोडू नगा. साहेबांना सांगतो."

पण ज्या नंबरावरून फोन आला होता तो त्यांच्याकडे होता. त्यांनी एकेक आकडा वाचला, केयूरने तो लावला आणि फोन सुभाषरावांच्या हातात दिला. पलीकडे एक अनोळखी बाई होती. सुभाषरावांनी इंग्रजीत आपलं नाव, हुद्दा आणि निवृत्तीचं वर्ष सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, "हजबंड," असं कुणाला तरी म्हणाल्या, आणि फोन दिला.

"अहो, किती वेळ लावलात!" वैजयंतीबाई म्हणाल्या.

सुभाषराव पुन्हा खुर्चीत बसले. मग त्यांनी विचारलं, "तू फोन का नाही उघडलास?"

"तो तुमचं तोंड मागतोय. माझं चालत नाही त्याला. आणि कोड लागत नाही. लग्नाची तारीखच ना?"

"हो."

"सात मे नव्वद. चार वेळा टाकली. आता अजून टाकायची भीती वाटते."

सुभाषरावांनी डोळे मिटले. "आधी महिना टाक. मग तारीख."

"का?"

"अमेरिकेचा फोन आहे म्हणून मी... तिकडच्या पद्धतीने ठेवली."



"आपलं लग्न कणकवलीत झालं होतं," वैजयंतीबाई म्हणाल्या.

फोन उघडला. सुभाषरावांनी एकेक खटका सांगितला, त्यांनी एकेक दाबला, आणि लाईन लागली. अडकून पडलेले मेसेज धरणाचा दरवाजा उघडल्यासारखे आले. त्यात सुयशच्या मित्राचाही होता. तो खालच्या मजल्यावर दाराशी उभा होता आणि ह्या वरच्या मजल्यावर बसल्या होत्या, त्या बाईंना रंगूबाईंची चटणी खायला घालत. बाईंच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण त्या आणखी मागत होत्या.

सगळे पांगले. संध्याकाळी सुभाषरावांनी पोळी भाजीशी न खाता नुसतीच खाल्ली, भाजी कालच संपवायची होती म्हणून. मग घराच्या गॅलरीत उभे राहिले. समोरच्या इमारतीत दिवे लागत होते. तेव्हा फोन आला, नव्या फोनवरून, विहिरीतल्या आवाजात.

"मुलगी झाली," वैजयंतीबाई म्हणाल्या. "दोघी छान आहेत. नाक तुमच्या आईसारखं आहे, पण ईश्वरीला आत्ताच सांगू नका."

सुभाषरावांनी फोन कानाशी घट्ट धरला. मागून बारीक, रागावलेलं रडणं ऐकू येत होतं. व्हिसाच्या खिडकीवरच्या त्या प्रश्नाचं उत्तर दोन शब्दांत दिलं असतं तर आपण आत्ता तिथे असतो, असं त्यांच्या मनात आलं. मुद्दे चुकीचे नव्हते, हेही आलं.

"तू जेवलीस का?"

"जेवले. अहो, तुमचा नंबर सांगा."

"फोनमध्ये आहे की. 'अहो' म्हणून."

"फोनमध्ये आहे. मला पाठ पाहिजे."

ते दोन-दोन आकडे सांगू लागले. ती म्हणू लागली. पहिल्या खेपेला शेवटचे दोन चुकले, दुसऱ्या खेपेला मधले. कचेरीत एखाद्याला दोनदा सांगावं लागलं तर सुभाषराव फाईल आपटायचे. आज त्यांनी तिसऱ्यांदा सांगितला, जरा सावकाश. मधेच नर्स आली, फोन बाजूला ठेवला गेला, दूरवर कुणीतरी हसलं, मग ती परत आली.

"थांबा, आता म्हणते," ती म्हणाली, आणि एका दमात सगळा नंबर म्हणाली.

"बरोबर," सुभाषराव म्हणाले.

मग कठड्याला टेकून, खाली कोणी नाही ना हे बघून घेत ते हळूच म्हणाले, "परत म्हण."